बडतर्फी की सेवामुक्ती? परिविक्षाधीन पोलिसाच्या दाद मागण्याच्या हक्काचा इतिहास

१/ नालासोपारा पूर्वेचे आचोळे आज वसई-विरारच्या वस्तीत मिसळून गेले आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. आचोळ्याच्या नावाचे पोलीस ठाणेही आता आहे. अशा ठाण्यातील नव्या शिपायाची नोकरी परिविक्षेच्या काळात एका ओळीच्या आदेशाने संपली, तर त्याने दाद कोठे मागावी? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

२/ ब्रिटिश अमलात वसई ठाणे जिल्ह्यात होती आणि जिल्हा पोलिसांना १८९० चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा लागू होता. सरकारी नोकर राजसत्तेची मर्जी असेपर्यंतच नोकर, हे त्या काळाचे मूळ तत्त्व. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २४० ने या मर्जीला थोडा लगाम घातला : बडतर्फीपूर्वी बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी.

३/ हाच धागा संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये आला. नेमणूक करणाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याला बडतर्फ करता येणार नाही. आणि काही अपवाद वगळता आरोप कळवून, चौकशी करून, म्हणणे ऐकूनच शिक्षा होईल.

४/ पुढे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. कलम २५ मध्ये शिक्षा, तर कलम २७ मध्ये त्या शिक्षेविरुद्ध अपील. १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांनी कार्यपद्धती ठरवून दिली.

५/ खरी मेख येथेच आहे. अपील आहे ते शिक्षेविरुद्ध. ‘सेवेची आवश्यकता नाही’ एवढेच लिहून परिविक्षाधीन शिपायाला घरी पाठवले, तर कागदोपत्री ती शिक्षाच नसते. बडतर्फी आणि साधी सेवामुक्ती यांतील हे अंतर अनेकांच्या आयुष्याचा निर्णय करून गेले.

६/ १९५७ मध्ये पुरुषोत्तमलाल धिंग्रा या रेल्वे कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली. परिविक्षाधीनाला पदावर हक्क नसतो. मात्र त्याला काढणे ही शिक्षा असेल, तर अनुच्छेद ३११ चे संरक्षण त्यालाही मिळते. धिंग्रा स्वतः हरले, तत्त्व मात्र टिकले.

७/ १९७४ मध्ये समशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने पंजाबच्या न्यायिक सेवेतील दोन परिविक्षाधीनांना न्याय दिला. आदेशाचे शब्द कितीही निरुपद्रवी असोत, पाहायचे ते त्यामागचे वास्तव.

८/ पोलीस सेवेतील गाजलेले प्रकरण अनुप जयस्वाल यांचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत जून १९८१ मध्ये, पावसाळी पहाटे, प्रशिक्षणार्थी कवायतीस उशिरा पोहोचले. जयस्वाल यांना म्होरक्या ठरवून खुलासा मागवला गेला आणि नोव्हेंबरात, विभागीय चौकशीविना, सेवामुक्त केले गेले. आदेशात आरोपाचा शब्दही नव्हता.

९/ २४ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पडदा दूर सारला. कथित गैरवर्तन हाच आदेशाचा पाया होता. म्हणून ती शिक्षा ठरली आणि चौकशीविना अवैधही. जयस्वाल सेवाज्येष्ठतेसह परत आले. 

१०/ याचा अर्थ प्रत्येक परिविक्षाधीन जिंकतो असा नव्हे. एकंदर काम पाहून ‘अपात्र’ ठरवले असेल, तर न्यायालये सहसा हस्तक्षेप करीत नाहीत. गैरवर्तन हे केवळ निमित्त होते की आदेशाचा पाया, यावर सारे अवलंबून.

११/ दाद मागण्याचे दारही बदलले. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याखाली १९९१ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट) सुरू झाले. तेथे साधारणतः एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर मॅटच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते.

१२/ म्हणून आचोळ्याच्या त्या शिपायाने प्रथम पाहावयाचे ते आदेशातील शब्द नव्हेत, तर त्याआधीची कागदपत्रे : नोटीस, खुलासा, अहवाल. वर्षाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. राजाची मर्जी इतिहासजमा झाली. तिचा अवशेष अजूनही एका ओळीच्या आदेशात दडून बसू शकतो.