विदर्भाचा अनुशेष

सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या तुलनेत विदर्भातील जिल्हे जेवढे मागे राहिले ती तूट, आणि ती भरून काढण्यास लागणारा खर्च, यांना मिळून विदर्भाचा अनुशेष म्हणतात. नागपूर व अमरावती या दोन महसूल विभागांतील अकरा जिल्हे त्यात मोडतात. महाराष्ट्राच्या भूभागाचा सुमारे ३१ टक्के आणि लोकसंख्येचा सुमारे २१ टक्के भाग येथे आहे. अनुशेष ही संज्ञा हिशेबाची असली तरी तिच्यामागे राजकीय नेतृत्वाने १९५३ मध्ये दिलेला एक शब्द आहे. तो शब्द पाळला जाईल हे पाहणारी यंत्रणा उशिरा व अपुरी उभी राहिली, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र.

नागपूरची वसाहत मुळातच अनेक समाजांची आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नगर वसवले. पुढे भोसल्यांच्या काळात मराठी सरदार, कोष्टी विणकर आणि हिंदी भाषक व्यापारी येथे स्थिरावले. इंग्रजांनी १८६१ मध्ये नागपूरला मध्य प्रांताची राजधानी केले, १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीमुळे छत्तीसगडी व तेलुगू भाषक मजूरही शहरात आले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि एकाच सरकारखाली हिंदी व मराठी असे दोन मोठे गट आले. वऱ्हाडच्या कापसाचा महसूल हिंदी जिल्ह्यांवर खर्च होतो, ही तक्रार तेव्हापासूनची. १९३८ मध्ये प्रांताचे पंतप्रधान (म्हणजे मुख्यमंत्री) ना. भा. खरे आणि महाकोशल या हिंदी भागाचे मंत्री यांच्यात तेढ वाढली. खऱ्यांना पद सोडावे लागले व रविशंकर शुक्ल त्यांच्या जागी आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला प्रांताच्या विधिमंडळाने वेगळ्या विदर्भाचा ठराव संमत केला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपूर्वीच वेगळे होण्याची इच्छा विधिमंडळात नोंदली गेली होती, ही बाब बहुतेक इतिहासलेखनात दुर्लक्षिली जाते.

स्वातंत्र्यानंतर मराठी भाषकांच्या एका राज्याची मागणी जोर धरू लागली. त्यात विदर्भाची शंका दूर करण्यासाठी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे आदींनी त्यावर सह्या केल्या. विकास व प्रशासनासाठी महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य असे तीन घटक मानावेत, निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे व त्याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा, असे त्यात ठरले. मंत्रिमंडळ, सरकारी नोकऱ्या व उच्च शिक्षणातील जागांनाही प्रमाणाचे तत्त्व लावले गेले. उच्च न्यायालयाचे दुसरे पीठ आणि वर्षातून किमान एक अधिवेशन नागपूरला असावे, हेही मान्य झाले. खंडपीठ व अधिवेशन ही आश्वासने पाळली गेली, कारण ती डोळ्यांना दिसणारी होती. निधीच्या प्रमाणाचा हिशेब मागणारे मात्र कोणीच नव्हते. करारात मुदत नव्हती, दंड नव्हता आणि न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती.

राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आले. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप आणि तंत्रशिक्षण व नोकऱ्यांची पुरेशी सोय यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याचा अधिकार त्याने राष्ट्रपतींना दिला. हा अधिकार अडतीस वर्षे वापरलाच गेला नाही. दरम्यान मतदार अस्वस्थ होते. नागपूरने १९६२ मध्ये बापूजी अणे यांना आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे यांना लोकसभेत पाठवले. दोघेही वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते होते.

नेतृत्वाअभावी विदर्भ मागे राहिला, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार विदर्भाचे होते. पुसदचे वसंतराव नाईक, बंजारा समाजातून आलेले शेतकरी नेते, १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. संकरित बियाणे, १९७२ च्या दुष्काळातील कामे व कापूस एकाधिकार खरेदी यांमुळे त्यांचा काळ लक्षात राहिला. पुढे सुधाकरराव नाईक आणि नागपूरचे देवेंद्र फडणवीस हेही या पदावर आले. तरीही वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीनंतर नऊ वर्षांनी मोजलेली तूट मोठीच निघाली. खुर्चीवर कोण बसतो यापेक्षा पैसा कोणत्या नियमाने वाटला जातो, हे निर्णायक ठरले.

ही मोजणी १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने केली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्याखाली किती आहे ते पाहायचे आणि ती तूट भरण्याचा खर्च मांडायचा, अशी तिची पद्धत होती. १९८४ च्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये होता. त्यात विदर्भाचे १,२४६.५५ कोटी, म्हणजे ३९ टक्क्यांहून अधिक, मराठवाड्याचे ७५०.८५ कोटी, उर्वरित राज्याचे १,१८९.३८ कोटी. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर फेरमोजणी केली तेव्हा एकूण आकडा १४,००० कोटींवर गेला आणि विदर्भाचा वाटा ६,६२४ कोटी झाला. किमती वाढल्या होत्या, हे खरे. परंतु विदर्भाचा हिस्साही ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला होता. म्हणजे तूट भरली जात नव्हती, ती इतरांपेक्षा अधिक वेगाने साचत होती.

विकास मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश द्यायला सुरुवात केली, विशेषतः सिंचनासाठी. पण सिंचनाचा अनुशेष केवळ पैशाने भरत नाही. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या कक्षेत अडकल्या आणि पूर्व विदर्भातील अनेक कामे रखडली. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि खर्च हजारो कोटींवर गेला. पश्चिम विदर्भातील कोरडवाहू कापूस उत्पादकालाही सिंचनाच्या अनुशेषाची किंमत मोजावी लागली. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांना सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले.

तुलनेसाठी मलेशिया पाहता येतो. मलय, चिनी व भारतीय वंशीयांच्या त्या देशात १९६९ च्या दंगलींनंतर तुन अब्दुल रझाक यांच्या सरकारने १९७१ मध्ये नवे आर्थिक धोरण आणले आणि भागभांडवलात भूमिपुत्रांचा वाटा १९९० पर्यंत ३० टक्के करण्याचे ठरवले. लक्ष्य पूर्ण गाठले गेले नाही आणि वंशाधारित सवलतींवर रास्त टीका झाली. तरी आकडा व मुदत दोन्ही लिहिलेली असल्याने सरकारला जाब विचारता येत होता. महाराष्ट्राने वंश किंवा जातीऐवजी प्रदेश हा घटक मानला, ही निवड अधिक न्याय्य होती. मुदत मात्र लिहिली नाही.

नागपूर शहर स्वतः या काळात बदलले. बुटीबोरी व हिंगणा औद्योगिक क्षेत्रे, मिहान, २०१९ पासून मेट्रो आणि ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ही त्याची ठळक उदाहरणे. कोराडी, खापरखेडा व चंद्रपूरची औष्णिक केंद्रे राज्याला वीज पुरवतात. कोळसा व राख यांचा भार भोवतालची गावे सोसतात. नागपूरच्या वाढीने गडचिरोलीची तूट भरत नाही, हा अंतर्गत असमतोल जिल्हानिहाय मोजणीतून दिसतो, प्रदेशाच्या सरासरीत लपतो. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात पाणी व आदिवासी क्षेत्रांचा स्वतंत्र विचार करण्याची गरज मांडली.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि तेव्हा ती वाढवली गेली नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्रचनेचा निर्णय घेतला. कलम ३७१(२) घटनेत कायम आहे.