तासाआधीचा अभ्यास

फ्लिप्ड क्लासरूम हा शब्द आपल्या अध्यापक विद्यालयांत आला तो व्हिडिओचा हात धरून. कोलोराडोतल्या जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी 2007 च्या सुमारास आपले पाठ चित्रित करून मुलांना घरी पाहायला दिले आणि वर्गातला वेळ प्रयोगांना व शंकांना मोकळा केला. मात्र या पद्धतीचा गाभा व्हिडिओत नाही. अभ्यासाची राखण कोणी करायची, हा तिचा खरा प्रश्न आहे आणि वैनगंगेकाठच्या पोंभुर्णा तालुक्याला किंवा पलीकडच्या गडचिरोलीला तो नवा नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. एकीला शिकवायचे, तर बाकीच्यांनी आपापले शिकत राहिले पाहिजे. ज्या छात्राध्यापकाने स्वतःचा अभ्यास कधी आखला नाही, त्यात कुठे अडलो हे कधी तपासले नाही, त्याच्याकडून मुलांना ही सवय लागणे कठीण.

पोंभुर्णा चांदा जिल्ह्यात आणि चांदा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्या काळात हाच प्रश्न सरकारपुढे आला होता. प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेत खेड्याने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवायची होती. तिच्या शिक्षकांसाठी वर्ध्यात प्रशिक्षणशाळा निघाली आणि एप्रिल 1938 मध्ये गांधीजींनी तिचे उद्घाटन केले. त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यातच नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाची, परिषद झाली होती. त्या परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण आणि एक वर्षाचा छोटा, असे दोन अभ्यासक्रम सुचवले. उद्योगाशी विषय जोडण्याच्या समवाय पद्धतीत शिक्षकाला आधी स्वतः सूत कातावे लागे; त्या सुताच्या मोजमापातून गणित आणि कापसातून भूगोल काढायचा. तुटलेला धागा चूक लगेच दाखवतो, परीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी पुढे स्वयंनियमित अध्ययनाचे पूर्वविचार, कृती आणि आत्मचिंतन असे जे टप्पे मांडले, ते या कामात आपोआप येत होते. नोव्हेंबर 1939 मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नई तालीमच्या मूलोद्योग शाळा पुढेही निघाल्या, पण सूतकताई हळूहळू वेळापत्रकातली एक तासिका होऊन बसली. माझ्या मते पद्धत हरली ती इथे: काम राहिले, त्याचा हिशेब मात्र शिकणाऱ्याच्या हातून गेला.

तो हिशेब शिकणाऱ्यांच्याच हातात राहिल्याचे उदाहरण शाळेबाहेर, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात सापडते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट रुजले. विषय समजून घ्यायचा तो अभ्यासगटात. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे ही तयारीही होती. समजून घेणे आधी आणि एकत्र बसून कस लावणे नंतर, हा क्रम फ्लिप्ड क्लासरूमचाच आहे.

कोणी म्हणेल, जुन्या प्रयोगांवर नवे नाव चिकटवणे हा कालविपर्यास आहे. नाव चिकटवावे असे मीही म्हणत नाही. जबाबदारीची वाटणी सारखी आहे, एवढेच माझे म्हणणे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेंज नसलेल्या गावातल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या छात्राध्यापकाला 'घरून पाहून या' सांगणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे. 2020 मध्ये शाळा बंद पडल्यावर जंगलपट्ट्याने हे भोगले आहे. म्हणून व्हिडिओचा हट्ट सोडावा. चार छापील पाने, त्यांवर तीन प्रश्न आणि 'मला काय कळले नाही' हे लिहायला एक कोरी ओळ एवढ्याने सुरुवात होते. प्राध्यापकाचे काम याने कमी होत नाही, उलट वाढते: तासापूर्वी त्याला त्या कोऱ्या ओळी वाचाव्या लागतात आणि पाठाचे टाचण त्यांवरून बदलावे लागते. छात्रसेवाकालात हाच छात्राध्यापक बहुवर्गाच्या खोलीत उभा राहील, तेव्हा चौथीच्या मुलांना कोरी ओळ देऊन तो पहिलीकडे वळू शकेल.