दूरशिक्षण आणि दुसरबीडसारखी गावे

शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांपासून दूर असताना पत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी किंवा संगणक यांच्या आधारे चालणारे अध्यापन म्हणजे दूरशिक्षण. महाराष्ट्रात सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावांचा विचार करता अशा शिक्षणाला मिळालेल्या शासकीय साहाय्याची कथा उशिरा सुरू होते. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात भारताने एटीएस-6 या अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने 'साइट' हा उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रयोग केला, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या सुमारे दहा फूट व्यासाच्या अँटेना सहा राज्यांतील सुमारे 2400 गावांत उभ्या राहिल्या. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, ही उणीव लहान म्हणता येत नाही.

ती भरून काढण्याची संधी देशाच्या गरजांसाठी घडवलेल्या इन्सॅट उपग्रहमालिकेमुळे आली. त्यासाठी 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी, म्हणजे मुलांसाठी मराठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी राज्यस्तरीय संस्था, केंद्राच्या अर्थसाहाय्याने स्थापन झाली, आणि पाच ते आठ व नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांसाठी कार्यक्रम बनू लागले. मात्र गावाला दूरचित्रवाणी संच मिळाला तरी वीज आणि दुरुस्ती यांची तरतूद नसेल तर पडदा काळाच राहतो, आणि निर्मितीइतके लक्ष या देखभालीकडे दिले गेले नाही, हेच या धोरणाचे खरे दौर्बल्य होय. पुढे केंद्राचे अनुदान थांबले आणि 2017 मध्ये बालचित्रवाणी बंद झाली; तीनच वर्षांनी, 2020 च्या टाळेबंदीत, ग्रामीण मुलांसाठी मराठी पाठ पुन्हा दूरचित्रवाणीवरूनच, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर, दाखवावे लागले.