जाड तार उतरवणारा किम थायिल

रॉक शिकायला आलेल्या पोरांना मी आधी गिटारची सर्वांत जाड तार दोन अर्धस्वर उतरवायला लावतो. ‘ई’ची ‘डी’ झाली की एकच बोट तीन तारांवर आडवं टाकून अख्खा पॉवर कॉर्ड वाजतो. साउंडगार्डन या रॉक बँडचा गिटारवादक किम थायिल याला ही युक्ती मेल्विन्स बँडच्या बझ ऑस्बोर्नकडून मिळाली. शिवाय किम आपल्या गिल्ड एस-१०० गिटारवर ब्रिजमागचा तारांचा तुकडाही छेडतो. तो किणकिणाट कुठल्याही नोटेशनात सापडायचा नाही!

किमचे आईवडील केरळचे, जन्म १९६० चा, सिएटलचा, बालपण शिकागोजवळ. वॉशिंग्टन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला आणि १९८४ मध्ये ख्रिस कॉर्नेल व हिरो यामामोटोसह साउंडगार्डन काढला. सब पॉप या रेकॉर्ड कंपनीच्या ब्रूस पॅविट आणि जोनाथन पोनमन यांची गाठ त्यानेच घालून दिली. ग्रंज रॉकच्या इतिहासात मी हे काम त्याच्या कुठल्याही सोलोइतकंच मोठं मानतो. साउंडगार्डनचा १९९४ चा ‘सुपरअननोन’ हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पाठोपाठ दोन ग्रॅमी. १९९७ मध्ये बँडमध्ये फूट, २०१० मध्ये पुन्हा एकत्र, २०१७ मध्ये कॉर्नेलचा मृत्यू.

नव्यांनी ‘ब्लॅक होल सन’ या गाण्यावरच थांबू नये, १९८७ ची ‘स्क्रीमिंग लाइफ’ ही ईपी जरूर ऐकावी.