चिटल नावाचा चिमटा

जुन्नर, नारायणगाव, घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पट्टी बदलायला गेलात, तर ट्रॉलीवरच्या उंच, अरुंद स्टीलच्या भांड्याकडे बघा. त्यात एक लांब चिमटा उभा असतो. सिस्टर त्यानं ड्रममधलं गॉज उचलते, ट्रेमध्ये टाकते आणि चिमटा परत जागेवर ठेवते. जखमेला तो कधीच लागत नाही. ह्याचं नाव 'चिटल'. ऐकून भीमाशंकरच्या रानातलं एखादं जनावर वाटावं. पण हे आडनाव आहे. जॉर्ज लेंथल चिटल (१८६५–१९५१) हे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलातले शल्यविशारद. त्यांच्या इतर कामाची आठवण इथं कुणाला नाही. चिमटा मात्र दिवसातून शंभरदा त्यांचं नाव घ्यायला लावतो.

आपल्या घरातला चिमटा, सांडशी हाताला जपते. निखारा उचलताना बोटं भाजू नयेत, एवढंच तिचं काम. चिटलचं उलटं आहे. तो वस्तूला जपतो, हातापासून. ह्याला कुणी दवाखान्यातलं सोवळं म्हणेल, पण ते मला पटत नाही. सोवळं हात कुणाचा हे विचारायचं. चिटलच्या लेखी सर्जनचा हात आणि वॉर्डातल्या मामांचा हात सारखेच अशुद्ध.

हा विचार रुजायला वेळ लागला. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगोत हाड मोडून उघड्या झालेल्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि जखम सडली नाही. पुढं ते किंग्ज कॉलेजातच आले. कार्बोलिकचा असा दबदबा बसला, की त्यात बुडवलं म्हणजे शुद्ध झालं, असं सगळे धरून चालले.

ह्या समजुतीची किंमत आपल्याकडे मोजली गेली, तीही एका चिमट्यापायी. मुंबईत प्लेगची लस वॉल्डेमार हाफकिन यांनी तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या प्रयोगशाळेतून बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले, आणि त्या एकोणिसांना एकाच बाटलीतली लस मिळालेली. ठपका परळवर आला. हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिक वगळलं होतं, हे कारण आयतंच मिळालं. पण पुढं उघड झालं ते भलतंच. मलकोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्यानं तो कार्बोलिकमध्ये नुसता बुचकळला आणि तसाच वापरला. धनुर्वाताचे बीजाणू मातीतलेच. अशा घाईच्या आंघोळीनं ते मरत नाहीत. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले, १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. तोवर ते हिंदुस्थानातली उमेदीची वर्षं गमावून बसले होते.

बीजाणूंवर खात्रीचा उपाय दाबाखालची वाफ. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ च्या सुमारास ऑटोक्लेव्ह बनवला; तत्त्व आपल्या कुकरचंच. १२१ अंश, १५ पौंड दाब. जर्मनीच्या शिमेलबुश यांच्या नावानं ओळखला जाणारा ड्रम त्याचा जोडीदार: भोकं उघडी ठेवून आत वाफ घ्यायची, बाहेर काढताच पट्टी सरकवून बंद करायची.

गंमत अशी, की चिटल मात्र कित्येक वर्षं औषधी पाण्यातच उभा राहिला. शिकाऊ सिस्टरला पहिला धडा असायचा: टोक खाली धर. टोक वर झालं, की पाणी मुठीपर्यंत ओघळायचं आणि हातावरची घाण घेऊन परत टोकाला यायचं. शिवाय त्याला खटका नसतो. दाब सोडला की पकड सुटते, म्हणजे वस्तूसकट तो कुठं टेकवून ठेवायची सोयच नाही. एवढं करून त्या भांड्यातल्या पाण्यातच जंतू वाढताना सापडले. स्यूडोमोनाससारखे चिवट जंतू पातळ झालेल्या, शिळ्या औषधात खुशाल राहतात. संसर्ग टाळायला ठेवलेलं भांडंच संसर्गाचं घर झालं.

म्हणून आता भांडं कोरडं. चिटल आणि भांडं एकत्र ऑटोक्लेव्हमधून निघतात. पॅकवर चिकटवलेल्या टेपवरच्या तिरप्या रेघा वाफेनं काळ्या पडल्या का ते बघायचं, तारीख-वेळ लिहायची, ठरलेल्या तासांनी दुसरा संच काढायचा. २०१५ पासून सरकारी रुग्णालयांच्या 'कायाकल्प' तपासणीत संसर्ग रोखण्याच्या कामाला गुण असतात, त्यामुळे असल्या बारीकसारीक गोष्टीही डोळ्यांत भरतात.

आणि चिटल हातातून निसटून फरशीवर खणकन वाजला, तर सिस्टरनं तो कशातही बुचकळायचा नाही. तो धुऊन पुन्हा ऑटोक्लेव्हला पाठवायचा आणि पट्टीसाठी दुसरा पॅक फोडायचा.