हात वर करताना

मराठीत ‘हात वर करणे’ याचे दोन अर्थ होतात. सभेत हात वर केला की मत दिले. अडचणीत हात वर केले की जबाबदारी झटकली. लोकशाही देश युद्धाला निघतो तेव्हा नागरिकाने काय करायचे, हा प्रश्न अडीच हजार वर्षे या दोन अर्थांमध्येच घुटमळतो आहे.

मागे जायचे तर इ.स.पू. ४२७च्या अथेन्सपर्यंत. लेस्बॉस बेटावरचे मितिलीनी हे दोस्त शहर उलटले आणि शेवटी शरण आले. चिडलेल्या नागरिकसभेने ठरवले : सगळे प्रौढ पुरुष मारा, बायकामुले गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज सुटलेही. रात्र सरली तशी लोकांना टोचणी लागली. दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. क्लेऑनचे म्हणणे, ठरले ते ठरले. डायोडोटसने दयेची याचना केली नाही. ही कत्तल अथेन्सलाच कशी महाग पडेल, ते मांडले. हात वर झाले ते जवळजवळ समसमान. थोडक्यात डायोडोटसची सरशी झाली आणि दुसरे जहाज निघाले. पहिले सुमारे एक दिवस नि एक रात्र पुढे होते. वल्हेकऱ्यांनी मद्यात आणि तेलात कालवलेले सातूचे पीठ वल्ही न सोडता खाल्ले, पाळीपाळीने डुलकी काढली. ते पोहोचले तेव्हा हुकूम वाचून झाला होता, अंमल व्हायचा होता. बंडाच्या म्होरक्यांना मारलेच, पण शहर वाचले.

त्याच अथेन्सने ४१५ मध्ये सिसिलीवर मोहीम ठरवली. इतिहासकार थुसिडिडीस सांगतो, की ज्यांना ती पटली नव्हती तेही गप्प बसले. विरोधात हात वर केला तर आपण देशाचे वैरी ठरू, ही भीती. दोन वर्षांत ते आरमार बुडाले, सैन्य संपले.

मत हा नागरिकाचा पहिला वाटा. दुसरा पैशाचा. जुलै १८४६ मध्ये, अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध सुरू असताना, लेखक हेन्री डेव्हिड थोरोने काँकॉर्डच्या तुरुंगात एक रात्र काढली. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारचा कर तो आधीपासूनच थकवत होता. आता त्यात युद्धाची भर पडली. कोणीतरी परस्पर कर भरला आणि तो सुटला. या नकारावरचा, १८४९ साली छापलेला त्याचा निबंध १९०७ मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांपुढे ठेवला.

तिसरा वाटा देहाचा. जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटनने सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला आणि त्याच कायद्यात सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्यांसाठी कलमही घातले. सुमारे १६ हजार जणांनी नकार दिला. त्यातल्या ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन देहदंडाची शिक्षा वाचून दाखवली गेली. मग ती १० वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. खरी मेख १९१८च्या मतदान कायद्यात आहे. ज्या कायद्याने ३० वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांना प्रथमच मत दिले, त्यानेच युद्धकाळात सरकारमान्य पर्यायी कामही न केलेल्या या नकारवाल्यांचे मत ५ वर्षांसाठी काढून घेतले. देह देत नाहीस, तर हातही वर करू नकोस!

महाराष्ट्रातला धागा पवनारला सापडतो. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारताला न विचारता दुसऱ्या महायुद्धात ओढले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्यांच्या नकारामागे एक भक्कम आधार होता : आम्हाला विचारलेच कुठे? स्वतंत्र लोकशाहीतल्या नागरिकाला हे म्हणता येत नाही. त्याला विचारलेले असते. निदान विचारणाऱ्याला त्यानेच निवडलेले असते.

पुढे देहाची मागणी सरली. ब्रिटनने १९६० मध्ये सक्तीची भरती थांबवली, अमेरिकेने १९७३ मध्ये. युद्ध पगारी सैनिकांचे झाले आणि नागरिकाला दुरून बघण्याची सोय झाली. १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकयुद्धाविरुद्ध लंडनमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ‘माझ्या नावाने नको’ हे फलक जागोजागी दिसत होते. १८ मार्चला संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता दिली.

त्या फलकांमागचा कळवळा खरा होता, पण शब्दांत हात वर करण्याचा दुसरा अर्थ डोकावतो. लोकशाहीत युद्ध आपल्या नावानेच होते, आपल्याला पटो वा न पटो. ते नाव काढून घेता येत नाही. निर्णय मात्र पुन्हा सभेपुढे आणता येतो. त्यासाठी आधी तो आपला मानावा लागतो. मितिलीनीला दुसरे जहाज पाठवले ते त्याच सभेने, जिने आदल्या दिवशी पहिले पाठवले होते.