मधले कात्रण

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत काकूची पत्र्याची ट्रंक उघडली. काकूला जाऊन बरीच वर्षे झाली; पण ट्रंक उघडायला घरात कुणाचा हात धजत नव्हता. आत दोन लुगडी, न शिवलेला एक खण, काकांचे गिरणीतले हजेरीचे कार्ड आणि एक जुने पंचांग निघाले. पंचांगाच्या पानांत वर्तमानपत्राची दोन कात्रणे घडी करून ठेवलेली होती. एक १९७८ च्या जुलै महिन्यातले, इंग्लंडमधल्या बातमीचे. दुसरे १९८६ च्या ऑगस्टमधले, आमच्या घरापासून चालत पाऊण तासाच्या आत असलेल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले.

काकूला मूल नव्हते. लालबागच्या चाळीत बारशाचे बोलावणे तिला येई, नाही असे नाही. पण पाळण्याला हात लावायची वेळ आली की तिला नेमके स्वयंपाकघरात काहीतरी शोधायचे असे. ही कात्रणे तिने का जपली, ते वाचकांना मी सांगायला नको. मी इतिहासाचा विद्यार्थी. माझे लक्ष गेले ते तिसऱ्या कात्रणाकडे, जे त्या पंचांगात नव्हतेच. ते असायला हवे होते १९७८ च्या ऑक्टोबरमधले, कलकत्त्याचे.

आधी इंग्लंडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन ही मुलगी जन्मली. तिच्या आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या. म्हणून बीजांड शरीराबाहेर काढून, काचेच्या भांड्यात त्याचे फलन करून, तयार झालेला गर्भ पुन्हा गर्भाशयात ठेवण्यात आला. वर्तमानपत्रांनी परीक्षानळीची उपमा वापरली आणि ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे नाव चिकटले ते कायमचे. शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि शल्यचिकित्सक पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६८ पासून यासाठी कष्ट उपसले होते. १९७१ मध्ये तिथल्या सरकारी वैद्यक संशोधन मंडळाने त्यांना पैसा नाकारला, तरी ते थांबले नाहीत. त्यांच्याबरोबर जीन पर्डी नावाची एक परिचारिका प्रयोगशाळेत अहोरात्र राबत होती. ओल्डहॅमला जेव्हा स्मृतिफलक लागला तेव्हा एडवर्ड्स यांनी आग्रह धरूनही त्यावर तिचे नाव आले नाही. १९८५ मध्ये ती वारली. २०१० साली एडवर्ड्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या कितीतरी आधी. श्रेय हा प्रकार विज्ञानातही कसा वाटला जातो, याचा हा एक नमुना. दुसरा आपल्या घरचा आहे.

लुईसनंतर बरोबर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, नवरात्राच्या आरंभी कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. तिचे नाव दुर्गा ठेवले. तिच्या जन्मामागचे कर्ते डॉ. सुभाष मुखोपाध्याय. १९३१ मध्ये हजारीबागला जन्मलेले, शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक, कलकत्ता आणि एडिंबरो अशा दोन विद्यापीठांचे डॉक्टर. त्यांचे सोबती दोघेच : शीतकरणाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य.

या तिघांनी इंग्रजांची नक्कल केली असती तरी कौतुकच झाले असते. पण त्यांची वाट निराळी होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी लुईसच्या वेळी निसर्गक्रमाने तयार झालेले एकच बीजांड, पोटाला छिद्र पाडून दुर्बिणीने काढले. मुखोपाध्यायांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजांडे पिकवली आणि योनिमार्गाने बाहेर घेतली. पण त्यात एक मेख असते. जी संप्रेरके बीजांडे भराभर पिकवतात, तीच त्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर बिघडवू शकतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे दोन शब्दांत कळेल : बियाणे हाती आले, पण जमिनीला वाफसा नाही. वाफसा नसताना पेरणारा पस्तावतो. मुखोपाध्यायांनी गर्भ शीतकरणाने गोठवून त्रेपन्न दिवस जपला आणि पुढे, शरीर आपल्या स्वाभाविक लयीवर आल्यावर, तो आईच्या उदरात ठेवला. गोठवलेल्या गर्भापासून मूल जन्मल्याची जगाने मान्य केलेली पहिली घटना ऑस्ट्रेलियात १९८४ साली घडली. आज जगभरच्या रुग्णालयांत गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात ठेवणे ही नित्याची गोष्ट आहे.

मग झाले काय? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पश्चिम बंगाल सरकारने चौकशीसाठी एक समिती नेमली. समितीने दावा खोटा ठरवला. मुखोपाध्यायांच्या बाजूने बोलू शकले असते ते दुर्गाचे आईवडील; पण लोक मुलीला काय म्हणतील या धाकाने त्यांनी तोंड मिटून घेतले. त्यांना मी दोष देत नाही. आमच्या चाळीत कुणाला असे मूल झाले असते तर आम्ही तरी काय म्हटले असते, हे मला चांगले ठाऊक आहे. तोंडाने आपण शंभर कौरव तुपाच्या घटांत वाढल्याचे अभिमानाने सांगतो. पण शेजारच्या खोलीत घट मांडला गेला की कुजबुज सुरू होते.

जपानहून डॉक्टरांना निमंत्रण आले, तर जाण्याची परवानगी मिळाली नाही. पुढे हृदयविकाराचा झटका आला. १९८१ च्या जून महिन्यात त्यांची बदली झाली ती नेत्ररोगाच्या संस्थेत, जिथे त्यांच्या संशोधनाला काडीचाही वाव नव्हता. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपल्या हातांनी आपले आयुष्य संपवले.

आता काकूचे दुसरे कात्रण. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. मध्ये हर्षा नावाची मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे ते यश. हर्षा ही भारतातली पहिली, असेच सगळ्यांनी छापले. आनंदकुमारांनाही तेव्हा तसेच वाटत होते.

अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, ते कलकत्त्यास गेले असता मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली, दुर्गाच्या आईवडिलांशी ते बोलले, आणि मग ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लिहून जाहीर केले की पहिलेपणाचा मान आपला नव्हे, मुखोपाध्यायांचा आहे. वाचकहो, क्षणभर थांबा. आपल्या नावावर लागलेला मान, कुणी मागायला आलेले नसताना, मेलेल्या माणसाच्या दारी नेऊन ठेवायचा! राजकारणात, साहित्यात आणि विद्यापीठांत वावरलेल्या माणसाला याची किंमत कळेल. २००३ साली पंचवीस वर्षांची दुर्गा स्वतः लोकांसमोर आली आणि आपण कोण ते तिने सांगितले.

एक गोष्ट मला या सगळ्यात राहून राहून खुपते. लुईस, दुर्गा, हर्षा : तिन्ही मुली. नळीतून आलेल्या लेकींचे पेढे वाटले गेले. आणि ज्या मुंबईत हर्षाचे फोटो छापून येत होते, त्याच मुंबईत त्याच काळात गर्भजलाची सुई घालून मुलगी आहे का ते पाहिले जात होते, आणि असली तर पाडली जात होती. ही परीक्षा १९७५ च्या सुमारास आपल्या देशात आली ती गर्भातले आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. ‘आत्ता थोडे खर्चा, पुढचा हुंडा वाचवा’ अशा अर्थाच्या जाहिराती लोकांनी उघड्या डोळ्यांनी वाचल्या. दुर्गा जन्मली तेव्हा महिन्या-दीड महिन्यात समिती बसली होती. या दवाखान्यांवर समिती बसायला कितीतरी वेळ लागला. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी रान उठवले तेव्हा कुठे १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यालाही धार आणावी म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ पासून गर्भधारणेपूर्वी लिंग निवडणेही गुन्हा ठरले. कारण काचेच्या भांड्यातला गर्भ आता गर्भाशयात ठेवण्यापूर्वीच तपासता येऊ लागला होता. मुखोपाध्यायांच्या विद्येची ही दुसरी बाजू.

कायद्याने काय साधले, ते शिरगणतीत पाहावे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४.

२०१८ मध्ये चीनमधल्या एका शास्त्रज्ञाने गर्भाच्या जनुकांतच फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली. त्याही मुलीच. आपल्याकडे २०२१ मध्ये कृत्रिम गर्भधारणेच्या दवाखान्यांसाठी आणि सरोगसीसाठी कायदे झाले. त्यांच्यावर लिहायचे तर दुसरा दिवाळी अंक लागेल. हर्षाला मात्र २०१६ च्या महाशिवरात्रीला मुलगा झाला, बाळंतपण डॉ. हिंदुजांनीच केले.

१९८६ च्या त्या सकाळी काकूने पेपर माझ्यापुढे धरला होता. “वाच रे जरा मोठ्यानं, चष्मा सापडत नाही.” चष्मा तिच्या कपाळावरच होता. मी वाचून दाखवले. तिचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस. ती बराच वेळ खिडकीतून परळच्या दिशेला पाहत राहिली, मग म्हणाली, “के. ई. एम.? म्हणजे आपलं नेहमीचं, केसपेपर काढतो तेच?”

“तेच,” मी म्हणालो.

तिने कात्री मागितली.